हार खोटा निघण्याआधी कथेने काय काय सांगून ठेवलं होतं

प्रश्न असा: फ्रेंच लेखक मोपासाँची हिऱ्यांच्या हाराची कथा वस्तूंच्या हव्यासाबद्दल जे सांगते, ते प्रतीक, उपरोध, पूर्वसूचन (पुढे घडणाऱ्याची आधीच दिलेली चाहूल) अशा साधनांमधून कसं पोचतं, आणि उत्तरपत्रिकेत किंवा लेखात ते मांडायचं कसं?

नेहमीचं उत्तर पाठ असतं. हार म्हणजे लोभाचं प्रतीक, शेवट म्हणजे उपरोध, तात्पर्य म्हणजे अति तिथे माती. यातलं एकही वाक्य चूक नाही, आणि यातलं एकही वाक्य लिहायला कथा वाचावी लागत नाही. अडचण तीच आहे. साधनाचं नाव आणि तात्पर्य यांच्या मधल्या जागेत काय घडतं ते दाखवलं की उत्तर होतं. म्हणून आधी कथा, मग काही साधनं जवळून, आणि शेवटी लिहिण्याची रीत.

गी द मोपासाँची 'ला पार्युर' ही कथा १७ फेब्रुवारी १८८४ रोजी 'ल गोलुआ' या पॅरिसच्या दैनिकात छापून आली. माथिल्द लुआझेल ही शिक्षण खात्यातल्या एका कारकुनाची देखणी बायको. माहेरची ऐपत नाही, हुंडा नाही, म्हणून कारकुनाशी लग्न. नवरा खटपट करून मंत्र्यांकडच्या समारंभाचं आमंत्रण मिळवतो. तिला पोशाख हवा, त्याला ४०० फ्रँक लागतात. मग दागिना हवा, म्हणून ती श्रीमंत मैत्रीण मादाम फोरेस्तिए हिच्याकडून हिऱ्यांचा हार मागून आणते. त्या रात्री ती सगळ्यांत उठून दिसते आणि घरी येऊन बघते तो गळ्यात हार नाही. नवराबायको तसाच दिसणारा हार ३६,००० फ्रँकला विकत घेतात, मैत्रिणीला काही न सांगता परत करतात आणि पुढची १० वर्षं कर्ज फेडतात. कर्ज फिटल्यावर एका रविवारी शाँझेलिझेवर मैत्रीण भेटते. माथिल्द तिला सगळं सांगते. मैत्रीण सांगते की तिचा हार नकली होता, फार तर ५०० फ्रँकचा.

शीर्षकाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. इंग्रजीतून ही कथा 'नेकलेस' होऊन आपल्याकडे आली, त्यामुळे सगळं लक्ष हारावर जातं. मूळ शब्दात दागिना आहेच, शिवाय साजशृंगार, नटणं हा अर्थही आहे. मराठीत 'साज' हा शब्द जवळ जातो. त्या अर्थाने बघितलं तर पोशाख, नखं, नवऱ्याने खांद्यावर टाकलेलं साधं पांघरूण, सगळं शीर्षकाच्या कक्षेत येतं. कथा एका दागिन्याची कमी आणि दिसण्याची जास्त आहे.

संदेश लिहितानाही 'लोभ' हा शब्द जपून वापरा. माथिल्दला संपत्ती साठवायची नाही. तिला श्रीमंतांमध्ये श्रीमंत दिसायचं आहे. ('भौतिकवाद' हा शब्द शक्यतो नकोच, कारण त्याने तत्त्वज्ञानातला जडवाद मनात येतो. 'चंगळवाद'ही बसत नाही, चंगळ करायला तिला एकच रात्र मिळाली.) कथेचं म्हणणं माझ्या मते असं मांडता येईल: वस्तूचं मोल तिच्याकडे कोण बघतंय यावर ठरू लागलं की खरं आणि खोटं वेगळं ओळखू येत नाही, पण त्या न ओळखण्याची किंमत मात्र खऱ्या पैशात आणि खऱ्या वर्षांत चुकवावी लागते. पुढची सगळी साधनं या एका वाक्याशी ताडून बघायची. जे साधन त्याला काहीच जोडत नाही ते उत्तरात घेऊ नये.

आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्याकडे सहसा कोणी साधन म्हणून बघत नाही. एवढ्या छोट्या कथेत पैशांचे आकडे फार आहेत, आणि ते एकमेकांशी बोलतात. दागिन्याऐवजी फुलं लाव, १० फ्रँकमध्ये दोन-तीन सुरेख गुलाब येतील, असं नवरा सुचवतो. पोशाखाचे ४०० फ्रँक ही त्याने बंदुकीसाठी बाजूला ठेवलेली नेमकी तेवढीच रक्कम असते. पॅरिसजवळच्या नाँतेरच्या माळावर मित्रांबरोबर रविवारी चंडोल मारायला जायचा त्याचा बेत असतो. शेवटी कळतं की हार ५०० फ्रँकचा होता. म्हणजे ज्या पोशाखाला 'नुसता पोशाख' म्हणून ती अपुरा समजत होती, तो किमतीत हारापासून जेमतेम १०० फ्रँक दूर होता. आणि बदली घेतलेला हार मूळ हाराच्या ७२ पट महाग.

त्याहून बारीक जागा कर्जाच्या परिच्छेदात आहे. लुआझेलकडे वडिलांनी ठेवलेले १८,००० फ्रँक असतात, उरलेले तो उसने घेतो: एकाकडून १,०००, दुसऱ्याकडून ५००, कुठे पाच लुई, कुठे तीन लुई. लुई म्हणजे २० फ्रँकचं सोन्याचं नाणं. पहिल्या वाचनात ही नुसती धावपळ वाटते. दुसऱ्या वाचनात 'दुसऱ्याकडून ५००' पाशी थांबावंच लागतं, कारण त्या एकाच उसनवारीत हरवलेला हार भरून निघाला असता. लेखक तिथे काही बोलत नाही. रक्कम लिहितो आणि पुढे जातो.

पुढे नवरा रात्री जागून पानाला पाच सू या दराने नकला उतरवतो. २० सूंचा एक फ्रँक, म्हणजे चार पानांना एक फ्रँक. ५०० फ्रँकला २,००० पानं. उसन्या घेतलेल्या १८,००० फ्रँकला, व्याज सोडून, ७२,००० पानं. हा गुणाकार कथेत नाही, पण त्याला लागणारं सगळं कथेत आहे. एका संध्याकाळच्या दिसण्याचं मजुरीत रूपांतर कसं होतं, हे सांगणारं याहून नेमकं साधन कथेत नाही. उत्तरात एवढा हिशोब दोन ओळींत मांडला तरी तो 'हार लोभाचं प्रतीक आहे' या विधानापेक्षा जास्त काही सिद्ध करतो.

आता हार. प्रतीक ओळखायची सोपी कसोटी अशी की वस्तू कथेत पुन्हा येते का, आणि दर वेळी तिचा अर्थ थोडा सरकतो का. हाराचं तसं होतं. मैत्रिणीकडे तो मोहाची वस्तू आहे, समारंभात तो दिसत नाही इतका तिच्याशी एकरूप झालेला आहे, घरी तो नसण्यातून जाणवतो, सराफाकडे तो किंमत होतो, दहा वर्षं तो कर्ज असतो आणि शेवटच्या ओळीत तो काहीच नसतो. 'हार म्हणजे अमुक' असं एकदाच लिहून मोकळं झालं की ही सरकती वाट हरवते.

मैत्रिणीच्या खोलीतला प्रसंग संथपणे वाचा. आधी बांगड्या दिसतात, मग मोत्यांचा सर, मग सोन्याचा आणि रत्नांचा व्हेनिसचा क्रूस. क्रूसाच्या घडणीचं निवेदक कौतुक करतो. माथिल्द विचारते, आणखी काही नाही का तुझ्याकडे? मग काळ्या साटिनची पेटी उघडते, आत हिरे, आणि तिचे हात थरथरायला लागतात. कारागिरी नाकारून तिने चकाकी उचलली. निवडीच्या क्षणीच कथेने तिची नजर दाखवून दिली, पण वाचकाचीही तीच फसगत होते: काळं साटिन आणि 'हिरे' हा शब्द एवढ्यावर आपणही हार खरा मानतो. पेटीने हाराला प्रतिष्ठा दिली. पुढे हार हरवल्यावर दोघं पेटीवरच्या नावाच्या सराफाकडे जातात, तेव्हा तो वह्या बघून सांगतो की हार त्याच्याकडचा नाही, त्याने फक्त पेटी दिली असावी. कथेतला हा सगळ्यात उघड इशारा. खऱ्या सराफाची पेटी आणि आत दुसरंच काही, हे तिथे चक्क लिहिलेलं आहे, आणि तरी पहिल्या वाचनात आपण ते ओलांडून पुढे जातो, कारण आपण नवराबायकोबरोबर घाईत असतो.

हे पूर्वसूचन. कथेत असे आणखी दोन ठिपके आहेत. मादाम फोरेस्तिए हार देताना क्षणभरही आढेवेढे घेत नाही. आणि बदली हार परत घेताना ती 'लवकर आणायला हवा होतास' असं तुटकपणे म्हणते, पण पेटी उघडून बघत नाही. माथिल्दला धास्ती असते की तिने बदल ओळखला तर ती आपल्याला चोर समजेल. खोट्याच्या जागी खरं देणारी बाई चोरीच्या आळाला घाबरते आहे, आणि समोरची पेटीच उघडत नाही. हे सगळे दुवे एकत्र ठेवून लिहावं, सुटे नको. एकेकटा दुवा साधा तपशील वाटतो. तिन्ही मिळून दिसतं की संपूर्ण कथेत हार तपासून बघणारं एकही माणूस नाही. सगळे बाहेरून बघतात.

बघणं म्हटलं की आरसा आला. आरसा कथेत दोनदा आहे. मैत्रिणीकडे ती हार गळ्याला लावून आरशासमोर स्वतःवरच लुब्ध होऊन उभी राहते. घरी परतल्यावर स्वतःला त्या थाटात आणखी एकदा बघावं म्हणून आरशासमोर खांद्यावरचं पांघरूण काढते, आणि तिथेच किंचाळते. पहिल्या आरशाने जे दिलं ते दुसऱ्याने काढून घेतलं. हार वाटेत कधीतरी पडला होता, पण कथेच्या दृष्टीने तो आरशात हरवला. त्यानंतरच्या दहा वर्षांत आरसा येत नाही. खिडकी येते: नवरा कचेरीत गेल्यावर ती कधीकधी खिडकीशी बसते आणि त्या रात्रीची आठवण काढते. एवढं सगळं भोगूनही तिची नजर त्याच रात्रीकडे आहे. 'माथिल्दला शहाणपण येतं' असं ज्यांना लिहायचं आहे त्यांनी ही खिडकी आधी उत्तरात बसवून दाखवावी.

समारंभाचं वर्णनही नजरेच्याच भाषेत आहे. पुरुष बघतात, नाव विचारतात, ओळख करून द्यायला सांगतात, मंत्र्यांचंही लक्ष जातं. कोणाचं एक वाक्यही आपल्याला ऐकू येत नाही. नवरा मध्यरात्रीपासून एका छोट्या दालनात आणखी तिघांबरोबर झोपलेला असतो. त्यांच्याही बायका मजेत असतात. विनोदी तपशील आहे, पण तो तिच्या विजयाशेजारी ठेवला की विजयाची उंची आपोआप कमी होते.

निघताना नवरा तिच्या खांद्यावर रोजच्या वापरातलं पांघरूण टाकतो. फरचे कोट चढवणाऱ्या बायकांनी ते बघू नये म्हणून ती जिन्यावरून पळत सुटते. थंडीत गाडी मिळत नाही. शेवटी नदीच्या धक्क्यावर एक जुनाट घोडागाडी मिळते, आणि मोपासाँ म्हणतो की अशा गाड्या पॅरिसमध्ये रात्रीच दिसतात, जणू दिवसा त्यांना आपल्या दारिद्र्याची लाज वाटते. गाडीला लाज वाटणं हे चेतनगुणोक्तीचं सोपं उदाहरण, म्हणून विद्यार्थी अलंकाराचं नाव लिहून पुढे जातात. ते वाक्य माथिल्दबद्दल आहे. नुकतीच ती आपलं पांघरूण लपवत पळाली, आणि आता तशाच लाजणाऱ्या वाहनात बसून घरी निघाली. अलंकार प्रसंगाला चिकटलेला असेल तेव्हाच त्याचं नाव घेण्यात अर्थ असतो.

निवेदनाकडे वळतो, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. कथा तृतीयपुरुषी आहे, पण सुरुवातीची पानं तिच्या मनातून लिहिलेली आहेत. पहिल्याच वाक्यात ती जणू नशिबाच्या चुकीने कारकुनांच्या घरात जन्मल्याचं येतं. हे कोण म्हणतंय? निवेदक की ती स्वतः? 'जणू' हा शब्द दोन्ही दारं उघडी ठेवतो. याला मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात: व्याकरण निवेदकाचं, मन पात्राचं. त्याचा परिणाम असा होतो की आपण तिची तक्रार सत्य म्हणून स्वीकारतो. नंतर तपशील जुळवले की लक्षात येतं, तिच्या घरी कामाला ब्रिटनी या फ्रेंच प्रांतातली एक मोलकरीण होती, टेबलावर गरम सूप होतं. ती गरीब नव्हती, तिला गरीब वाटत होतं. खरी गरिबी हार हरवल्यावर येते: मोलकरणीला काढतात, घर बदलून छपराखालची खोली घेतात. दारिद्र्याचा शब्द आधी येतो, दारिद्र्य मागाहून.

वाक्यरचनाही त्याच कामाला लागलेली आहे. तिच्याजवळ जे आहे ते नकाराने सांगितलं जातं: हुंडा नाही, पोशाख नाहीत, दागिने नाहीत. जे नाही ते मात्र भरभरून: पौर्वात्य पडदे, ब्राँझचे उंच दिवे, उबेने पेंगणारे दोन धिप्पाड नोकर, चांदीची भांडी, माशाचा गुलाबी तुकडा. स्वप्नांची वाक्यं लांबतात आणि एकात एक गुंततात, घरातल्या गोष्टी तुटक येतात. आणि या स्वप्नाच्या ऐन मध्ये तीन दिवसांच्या टेबलक्लॉथवरच्या सूपच्या भांड्याचं झाकण उचलून नवरा खूश होतो, याहून चांगलं काही माहीत नाही म्हणतो. दोन माणसं एकाच टेबलाशी बसली आहेत, एक समोरचं खातंय आणि एक नसलेलं. हा विरोध वाक्याच्या पातळीवर दाखवता आला तर पात्रचित्रणाचा वेगळा परिच्छेद लिहायची गरज पडत नाही.

वेळेची वाटणी बघा. कथेची बहुतेक जागा समारंभाच्या आधीच्या आणि नंतरच्या मोजक्या दिवसांना जाते. दहा वर्षं थोडक्यात उरकतात. 'हे आयुष्य दहा वर्षं चाललं' अशा अर्थाचं वाक्य स्वतंत्र परिच्छेद म्हणून एकटंच उभं आहे. तेलकट भांड्यांवर झिजणारी गुलाबी नखं, सूसाठी घासाघीस, पाण्याचे हबके मारून पुसलेल्या फरशा, एवढ्यात दशक संपतं. जिने रात्र मोजली तिची वर्षं कोणी मोजली नाहीत.

कथेचं वळण कुठलं, हाही नेहमीचा प्रश्न. बहुतेकजण हार हरवणं म्हणतात. मला ती चिठ्ठी वाटते. हार सापडत नाही म्हटल्यावर नवरा सांगतो, मैत्रिणीला लिही की हाराची कडी तुटली, दुरुस्तीला दिला आहे. तेवढाच वेळ मिळेल. ती त्याने सांगितलेला मजकूर लिहून काढते. हार हरवणं हा अपघात होता; चिठ्ठी हा निर्णय. त्या जागी 'हरवला' हा एक शब्द लिहिला असता तर उत्तर ५०० फ्रँक आलं असतं. हारासारखीच ही चिठ्ठीसुद्धा बाहेरून ठीकठाक दिसणारी खोटी वस्तू आहे. दिसणं सांभाळण्याची सवय दागिन्यातून भाषेत उतरते ती इथे.

शेवटाबद्दल 'उपरोध' एवढंच लिहू नका, प्रकार सांगा. शब्दांचा अर्थ उलट असतो तो शाब्दिक. अपेक्षा आणि घटना उलट पडतात तो परिस्थितीजन्य. वाचकाला माहीत आणि पात्राला नाही, तो नाट्यात्म. पहिल्या वाचनात या कथेत तिसरा प्रकार नसतो, कारण आपल्यालाही माहीत नसतं. दुसऱ्या वाचनात तीच कथा पहिल्या ओळीपासून नाट्यात्म उपरोधाने भरून जाते. एवढी एक गोष्ट नीट मांडली तरी परीक्षकाला कळतं की समोरच्याने कथा दोनदा वाचली आहे.

मैत्रीण ज्या शब्दांत सत्य सांगते त्यात तिने माथिल्दला लावलेलं फ्रेंच विशेषण 'बिचारी' आणि 'गरीब' असे दोन्ही अर्थ वाहतं. आपल्या 'गरीब बिचारी'सारखं. सुरुवातीला जिला आपण गरीब दिसू ही भीती होती, तिला शेवटी त्याच शब्दाने हाक येते, तीही मायेने. त्याआधी काही ओळी, बदललेला हार मैत्रिणीला ओळखू आला नाही हे ऐकून माथिल्द अभिमानाने, भाबडेपणाने हसलेली असते. मग ५०० फ्रँकचं वाक्य, टिंबं, आणि कथा संपते. तिचं उत्तर नाही. कथेचं असं दुसऱ्याच्या तोंडी येऊन तुटणं हेसुद्धा साधनच आहे. तुटल्यावर वाचकाच्या मनात पहिला विचार बहुधा हा येतो की मग मैत्रिणीने ३६,००० चा हार परत द्यायला हवा, विकून पैसे येतील. दहा वर्षांचं आयुष्य समोर असताना आपणही फ्रँकच मोजतो. हे निरीक्षण उत्तरात घेतलं तर उत्तर नेहमीच्या साच्यातून बाहेर पडतं.

तरीही माथिल्दला दोषी ठरवून थांबू नका. हुंडा नसलेल्या बाईला १८८४ च्या पॅरिसमध्ये वर जायचा दुसरा रस्ता फारसा नव्हता, आणि कथेत एक वाक्य आहेच की बायकांना जात नाही, कूळ नाही, त्यांचं रूप आणि मोहकपणा हेच त्यांचं घराणं. ज्या समाजात दिसणं हेच भांडवल, तिथे दिसण्याचा हव्यास हा एकट्या बाईचा स्वभावदोष राहत नाही. शिवाय तिने कर्ज फेडलं, पळून गेली नाही. कथा तिला शिक्षा करते की तिच्यामार्गे समाजाला, यावर दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. बाजू घ्यावी, पण दुसरी बाजू दिसते हे एका वाक्यात कबूल करावं.

आता लिहायची रीत. कथा दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने तीनच गोष्टी अधोरेखित करा: पैशांचे आकडे, 'बघणं' आणि 'दिसणं' असलेली वाक्यं, आणि 'गरीब', 'श्रीमंत' हे शब्द. खुणा एकमेकींजवळ दाट दिसतील तिथेच साधन काम करतंय असं समजा. मग संदेशाचं एक वाक्य लिहा, वीस-पंचवीस शब्दांत. प्रत्येक परिच्छेदात एकच साधन, आणि चार गोष्टी त्याच क्रमाने: विधान, कथेतला तपशील (अवतरण असेल तर आठ-दहा शब्दांहून मोठं नको), तो तपशील वाचकावर काय परिणाम करतो, आणि त्यातून वस्तूंच्या मोलाबद्दल काय कळतं. तिसरी पायरी लोक वगळतात. तपशिलावरून थेट तात्पर्यावर उडी मारली की परिच्छेद पोकळ वाटतो, कारण साधन वाचकावर चालतं हेच त्यात दिसत नाही.

फरक बघा. कच्चा परिच्छेद: 'लेखकाने हाराचं प्रतीक वापरलं आहे. हार श्रीमंतीचं प्रतीक आहे. माथिल्दला श्रीमंत व्हायचं होतं, म्हणून तिचं नुकसान झालं. यातून लोभ वाईट हा संदेश मिळतो.' चार वाक्यं आणि कथेतलं फक्त हार आणि नाव. आता हाच मुद्दा: 'हाराला मोल येतं ते काळ्या साटिनच्या पेटीमुळे. पेटी उघडताच माथिल्दचे हात थरथरतात, पण हिरे खरे आहेत का हे ती विचारत नाही, आणि वाचकही विचारत नाही. पुढे सराफ आपण फक्त पेटी पुरवल्याचं सांगतो, तेव्हाही आपण लक्ष देत नाही. वेष्टनावर विश्वास ठेवण्याची जी चूक माथिल्द करते तीच कथा आपल्याकडून करवून घेते. त्यामुळे शेवट तिच्या भोळेपणावर हसू देत नाही.' दोन्हींत मुद्दा एकच, पण दुसऱ्यातला दुसऱ्या कोणत्याही कथेला चिकटवता येणार नाही. तीच कसोटी: तुमचा परिच्छेद दुसऱ्या कथेचं नाव घालून तसाच चालत असेल तर तो पुन्हा लिहा.

नेहमी बिघडतं ते असं. साधनांची यादी होते, आठ नावं आणि प्रत्येकाला एक ओळ. तीन साधनं पुरतात. कथानक पुन्हा सांगण्यात अर्धी जागा जाते. कथा माहीत आहे असं धरून चला. 'लेखक सांगू इच्छितो' असं वारंवार येतं. त्याऐवजी 'हा तपशील दाखवतो' म्हणा, म्हणजे पुरावा शोधणं भाग पडतं. आणि ओढूनताणून प्रतीकं. लुआझेल या आडनावात पक्ष्याचा जुना फ्रेंच शब्द ऐकू येतो, नवरा चंडोल मारायला निघाला होता, म्हणजे माथिल्द पिंजऱ्यातली चिमणी, वगैरे. शब्दसाम्य खरं आहे, पण कथा ते पुढे कुठेच वापरत नाही. तळटीपेत शोभेल, परिच्छेदाचा भार त्याला पेलणार नाही.

याच विषयावरची दुसरी कथा समोर आली तर साधनांची ही यादी तिच्यावर लादू नका. टॉल्स्टॉयची १८८६ ची 'माणसाला किती जमीन लागते?' ही जमिनीच्या हव्यासाची कथा घ्या. तिथे पाखोम सूर्यास्तापर्यंत जेवढं चालून वेढा घालेल तेवढी जमीन त्याची असते, आणि शेवटी त्याला पुरायला तीन अर्शिन (सुमारे दोन मीटर) पुरतात. तिथे कलाटणीपेक्षा मोजमाप बोलतं, कारण शीर्षकातला प्रश्न आणि शेवटचा आकडा एकमेकांना उत्तर देतात. इंग्रज लेखक डी. एच. लॉरेन्सच्या १९२६ च्या झुलत्या लाकडी घोड्याच्या कथेत घरच कुजबुजतं की आणखी पैसे हवेत. तिथे चेतनगुणोक्ती कथेच्या मध्यभागी आहे, आणि पैसे आल्यावर कुजबुज वाढते. मोपासाँच्या घोडागाडीसाठी एक वाक्य पुरलं होतं, लॉरेन्सच्या घरासाठी पुरणार नाही.

शब्दमर्यादा दीडशेची असेल तर आकडे आणि पेटी एवढंच घ्या. तीनशेची असेल तर त्यात चिठ्ठी किंवा आरसा जोडा. पाचशेच्या पुढे गेलात तरच निवेदनाला हात घाला, कारण ते अर्धवट समजावलं की 'निवेदक माथिल्दच्या बाजूने आहे' असं चुकीचं वाक्य हमखास उतरतं.